नमुन्याचा आकडा

बँकांसाठी ओटीपीचे आकडे तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन गंधालीने इमानेइतबारे लिहिलं. ‘दर वेळी नवा आकडा येतो, तो आधी कोणालाच ओळखता येत नाही,’ असं सांगून खाली नमुन्यादाखल एक आकडा दिला: ७३१९४६.

आठवड्याभरात एका बँकेची तक्रार आली. अंधेरीच्या ऑफिसात तिचा साहेब हर्षद तिच्या डोक्यावर येऊन उभा राहिला.

“अगं, तू लिहिलायस एक आकडा, त्यांना येतोय भलताच. टेस्टिंगला फेल होतंय ना सगळं!”

“अरे, भलताच येणं हेच तर त्याचं काम आहे.”

“गिऱ्हाईक म्हणतंय जुळत नाही, म्हणजे जुळवायचं. देवाशी वाद घालतात का?”

हर्षदने दुपारच्या आत आकडा जुळवून दिला. इतक्या तत्परतेने त्याने आजवर कोणाची रजाही मंजूर केली नव्हती. बँकेचं उत्तर आलं, ‘आता एकदम झकास!’ हर्षदने ऑफिसभर पेढे वाटले.

पुढच्या महिन्यात मुलुंडला घरी बसून गंधाली विजेचं बिल भरत होती. तिच्या बँकेचा मेसेज आला: ‘तुमचा ओटीपी ७३१९४६. कृपया हा आकडा कोणालाही सांगू नका.’