डब्याची पूजा

पाचव्या खेपेलाही डब्यावरचा दिवा लाल तो लालच राहिला. कॉम्प्युटरने पुन्हा विचारलं, फॉरमॅट करू का? ज्ञानदेवने पुन्हा 'नको' दाबलं आणि कपाळ टेबलाला टेकवलं. नवरात्राचे नऊ दिवस शिरूरमधल्या मंडळांचं शूटिंग करून अंगात त्राण उरलं नव्हतं, आणि दसऱ्याच्या दिवशी हे असं पुढ्यात वाढून ठेवलेलं.

दुकानामागच्या खोलीत त्याचा सर्व्हर होता आणि सर्व्हरला जोडलेला हा चार हार्ड डिस्कचा डबा. उन्हाळ्यात काढलेली एकोणीस लग्नं त्यात होती. कॅसेटी त्याने केव्हाच पुसून परत वापरल्या होत्या. जे होतं ते एवढंच. चौघींनी मिळून माल सांभाळायचा, असा तो कारभार. ओळीने बसवल्या तर सगळं देतील, एकीची जागा चुकली की चौघींचं तोंड बंद. म्हणून त्याने प्रत्येकीवर कागदाची पट्टी चिकटवून आकडे लिहून ठेवले होते.

काल खंडेनवमी. बायको बाळंतपणाला माहेरी, हा शूटिंगला बाहेर, म्हणून हत्यारांची पूजा आईने, अनसाबाईने केली. मेंढरं कातरायची जुनी कातर मांडली, विळे मांडले, जुना कॅमेरा मांडला. लेकाचं पोट ज्याच्यावर चालतं ते हत्यार डब्यात कोंडून कसं ठेवायचं? तिने चारही डिस्क ओढून काढल्या, पिळलेल्या फडक्याने पुसल्या, मळकट दिसणाऱ्या पट्ट्या नखाने खरडल्या आणि कुंकू लावलं. संध्याकाळी हाताला येतील तशा परत आत सारल्या. म्हातारीने सगळं मन लावून केलं होतं, हीच तर पंचाईत.

पुढे दुकानाच्या बाकावर तात्याबा बसले होते, वडगाव रासाईहून सकाळच्या एसटीने आलेले. नात अंकिता सणाला आली होती, उद्या सासरी निघायची. जाताना तिला लग्नाची सीडी हवी होती. वैशाखातलं लग्न. ज्ञानदेवने चार वेळा तारीख दिली होती आणि चारही वेळा म्हातारा हात हलवत परत गेला होता.

"व्हतंय का रं?" तात्याबांनी बाहेरूनच विचारलं.

"बसा मामा. व्हतंय."

"बसतो की. दोनला लाइट जाती, म्हणून इचारलं."

एक वाजून गेला होता. गेलेली लाइट रात्री आठला येणार, आणि वडगावची शेवटची गाडी सहाला. चार डिस्क चोवीस तऱ्हांनी बसतात, हे त्याने कागदावर मांडून पाहिलं होतं. डबा बंद करा, सर्व्हर बंद करा, डिस्क बदला, परत चालू करा. एका फेरीला दहा मिनिटं. त्याला सगळं तिथेच सोडून झोपावंसं वाटत होतं.

अनसाबाई उंबऱ्याशी बसून होती. सकाळपासून तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं.

त्याने चौघी पुन्हा बाहेर काढल्या. कुंकू बघून त्याचं डोकं फिरलं. थुंकीने अंगठा ओला करून तो हातातल्या डिस्कवरचं कुंकू पुसणार, तोच थबकला. हिच्यावर कुंकू चांगलं ठसठशीत होतं. शेजारचीवर फिकट होतं. तिसरीवर अगदी पुसट, आणि एकीवर तर नुसती बोट टेकल्याची खूण.

"आये, समद्यास्नी सारखं कुंकू का न्हाई लावलंस?"

"येकाच चिमटीत भागीवलं."

"का? करंडा भरलेला हाय की."

अनसाबाईने पदर पुढे ओढला. तिच्या कपाळावर बारा वर्षं काही नव्हतं. "सुनंचा करंडा. येकदा हात घातला तेच लई झालं. दुसऱ्यांदा घालवंना."

ज्ञानदेवला त्याची त्यालाच लाज वाटली. मग हळूच म्हणाला, "काढल्यास कशा? वरनं का खालनं?"

"वरनं. येक काढायची, पुसायची, कुंकू लावायचं. मग दुसरी."

त्याने ठसठशीत कुंकवाची सगळ्यात वर बसवली. तिच्याखाली फिकट, मग पुसट, तळाला बोटाची खूण. बटण दाबलं. दिवा लाल झाला, लुकलुकला आणि हिरवा झाला. पडद्यावर एकोणीस लग्नं ओळीने उभी राहिली.

दोनला दहा कमी असताना तात्याबांनी सीडी पिशवीत घातली, आपट्याची पानं टेबलावर ठेवली आणि ते स्टँडकडे निघाले.

"फुडच्या साली हात लावायची न्हाई मी तुझ्या डब्याला," अनसाबाई म्हणाली.

ज्ञानदेव उठला. देव्हाऱ्यातला करंडा घेऊन आला आणि डब्यापुढे मांडी घालून बसला.

"हिकडं ये. तुला वाचाया येत न्हाई, पर मोजाया येतंय. वरच्या डिस्कवर येक टिकली, खालचीवर दोन, मग तीन, मग चार. लाव."

तिने पुन्हा एकच चिमूट उचलली. वर एक लावली. खाली दोन लावल्या. बोट कोरडं पडलं. तिने हात मागे घेतला आणि लेकाकडे पाहिलं.

त्याने करंडा तसाच तिच्यापुढे धरून ठेवला.

"अजून सात राहिल्यात, आये. घे."