उत्तराचं बटण

गेलेल्या माणसांना त्यांच्याच आवाजात बोलतं करणाऱ्या ॲपमध्ये शर्वाणी त्या सकाळी बटणं बसवत होती. नवी आवृत्ती न पाठवता ॲपमधली कुठलीही सोय हव्या त्या माणसापुरती चालू-बंद करता यावी, म्हणून.

अण्णांनी चहा आणून ठेवला. आई गेल्यापासून चहा तेच करायचे.

"आईसारखा झालाय का गं?"

"थांबा ना, अण्णा. काम चाललंय."

"माझा खोकला बंद करायचं बटण आहे का त्यात?"

"ते फक्त गेलेल्यांसाठी आहे."

"मग सावकाश होऊ दे, मला घाई नाही," म्हणत अण्णा हसले आणि खोकत आत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

आता फोनमधल्या त्याच ॲपमधून त्यांचा आवाज रोज विचारतो, "आईसारखा झालाय का गं?" शर्वाणीने बोलायला सुरुवात केली की लगेच म्हणतो, "असू दे बाळा, मला कळतं सगळं."

खऱ्या अण्णांनी आधी टोमणा मारला असता.

आज तिने लॅपटॉप उघडला आणि 'उत्तर देणे' हे बटण फक्त स्वतःपुरतं बंद केलं. मग फोन टेबलावर समोर ठेवला.

"अण्णा, तो चहा मी गार झाल्यावर प्यायले," ती मोठ्याने म्हणाली. "अगदी आईसारखा झाला होता."