सोनेरी सनद आणि मातीचं ढेकूळ

या, असे जवळ सरकून बसा. आमच्या हॉल्मबी गावात यॉर्कहून राणीची सोन्यानं रंगवलेली सनद आली, त्या दिवसाची गोष्ट सांगतो. ऐकून मन निवेल.

सिबिलबाईंनी सकाळीच सफरचंदाच्या झाडाखालून मातीचं ढेकूळ खणून आणलं आणि त्यात हिरवी डहाळी खोचली. आमच्याकडे जमीन नुसत्या कागदानं हाती येत नाही, ढेकूळ ओंजळीत पडावं लागतं.

बाई लहान असताना राजद्रोहाच्या आरोपावरून इथला मालक फासावर गेला आणि वतन जप्त झालं. घर, गिरणी, कुरणं, सगळं. पुढे दरबाराच्या वतीनं सांभाळायला किल्ल्या बाईंकडे आल्या. ती जप्ती आज उठणार होती. त्यासाठी दरबारात अर्ज करता करता बाईंचे केस पिकले होते.

दिवाणखाना माणसांनी भरला. मेणबत्त्या करणारा विल्फ्रेड आला तो दाराच्या बुटक्या तुळईखाली न बघताच वाकून.

"जाड मेणबत्ती आणलीस ना रे?" बाईंनी विचारलं.

"आणली की. चरबीची नाही, खऱ्या मेणाची. राणीसाहेबांना वास यायला नको!"

"अरे, राणी सनदेवरच्या चित्रात आहे, मेल्या!" स्वयंपाकीण एमट म्हणाली.

"म्हणून काय तिला नाक नाही?"

हशा पिकला. एमटचं लक्ष दाराशी बांधून ठेवलेल्या पेटीकडे गेलं.

"बाईसाहेब, आभार मानायला दरबारात निघालात वाटतं?"

"नाही गं. इथंच, मठापर्यंत."

फादर ह्यूंनी सनदेची गुंडाळी उलगडली आणि सगळे पुढे सरकले. वासराच्या कातड्यावर, पहिल्या अक्षराच्या पोटात, राणी सिंहासनावर बसली होती. भोवती गुलाब, डाळिंबं, आभाळाहून निळा रंग. मेणबत्तीच्या उजेडात सोनं श्वास घेतल्यासारखं हलत होतं. खाली रेशमी दोरीला बशीएवढी मोहर. म्हातारा गिरणीवाला गुडघ्यांवर बसला, मग सगळेच बसले.

"सोनं खरंय का हो, फादर?" विल्फ्रेड कुजबुजला.

"खरं. सरळ धर मेणबत्ती."

फादर देवळात मिस्सेची प्रार्थना गातात त्याच चालीत त्यांनी सनद गायली. सगळं लॅटिनमध्ये. अर्थ कुणालाच कळला नाही, तरी डोळे भरून आले. देव स्वतः दारात येऊन उभा राहावा, तसं वाटलं.

"आमेन," फादर म्हणाले.

बाई ढेकूळ घेऊन उठल्या. "विल्फ्रेड, मेणबत्ती ठेव खाली. हात पुढे कर."

ढेकूळ जरा धरायला देताहेत, असं त्याला वाटलं. बाईंनी त्याच्या ओंजळीत ते ठेवलं, कमरेच्या किल्ल्या सोडून त्यावर ठेवल्या आणि त्याच्यापुढे गुडघे टेकले.

"उद्याच्या मिस्सेत माझ्या बापाची आठवण ठेवा, धनी. तुमच्या वडिलांविरुद्ध खोटी साक्ष त्यानंच दिली होती."