चतुराबाईची जबानी

"आत बाईनं एकटीनंच जायचं," शिपाई म्हणाला. "पाटलानं भायेर थांबायचं."

आप्पाराव पाटलाचं तोंड उतरलं. तक्रारीचा अर्ज त्यांनीच लिहिलेला. पण गोऱ्या साहेबाचा नियमच तसा. रयतेला कुणी पढवायचं न्हाई.

चतुराबाईचा पाय एका जागी ठरत नव्हता. सकाळपासनं ती साहेबाच्या तंबूभोवती घिरट्या घालत होती.

साहेब आला होता तो गोळ्यांच्या चौकशीसाठी. इंग्रजांनी हैदराबादेच्या दोस्तीखातर इथल्या घोडेस्वार रिसाल्याला नव्या बंदुका दिल्या, आणि संगं अंगात शिरून फुटणाऱ्या गोळ्या. अट एकच, दरोडेखोरांवरच चालवायच्या. रिसाल्यानं त्या चालवल्या सिंदफणेच्या काठी, चराईसाठी भांडणाऱ्या धनगरांवर. चतुराबाईचा नवरा तात्याबा तेवढा डोंगरात निसटला. साहेबाला पटलं तर गोळ्या परत जाणार, रिसाला हलणार, तात्याबा घरी येणार. न्हाई पटलं, तर रिसाला त्याला हुडकत डोंगर चढणार.

"फडाफडा बोलू नगंस," तिच्या सासूनं, भिवराबाईनं, तिचा पदर सारखा केला. "अभद्र तर तोंडातनं काढूच नगं. तुझं कपाळ आजून भरलेलं हाय."

"मी काय येडी हाय का, आत्याबाई?"

"येडी न्हाईस. तोंडाळ हायस."

आत साहेब खुर्चीवर. बाजूला हैदराबादेचा मुन्शी. त्याची मराठी कोरीकरकरीत, पुस्तकातनं उचललेली.

"बाई, घाबरू नका. रिसाला नव्या गोळ्या घेऊन आला, तेव्हापासून गावात काय फरक पडला?"

सगळं एकदम तिच्या जिभेवर आलं. तिला वरडायचं होतं. पण डोंगरातला तात्याबा डोळ्यांपुढं आला आणि तिनं फुटल्या-विझल्याचा अभद्र शब्द गिळला. सवाष्णीनं बोलावं तसंच बोलली.

"एका दिसात अकरा जणींच्या बांगड्या वाढल्या, साहेब."

मुन्शीनं ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं मान वर केली.

"अकरा? नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी बगितलं की. छबुबाईच्या तर लग्नातल्या हिरव्या व्हत्या. त्याबी वाढल्या."

"आणखी काही?"

"पाच घरचे दिवे वाढले." तिचे डोळे भरून वाहायला लागले.

मुन्शी साहेबाच्या कानाशी लागला. मग त्यानं विचारलं, "हे सगळं त्या गोळ्यांमुळंच?"

"मग? दुसरं कशामुळं?"

साहेब खुर्चीतनं उठला. टोपी काढून त्यानं तिच्यापुढं मान लववली. एवढा मोठा माणूस, धनगराच्या बाईपुढं.

ती पळतच भायेर आली. "पटलं बगा, पाटील. साहेब उठून हुबा राह्यला."

भिवराबाईनं धाकट्या लेकाला डोळ्यानं खुणावलं. "मुंजाजी, जा रं. तुज्या भावाला म्हनावं, उतर आता." मुंजाजीनं घोंगडी खांद्यावर टाकली आणि डोंगराची वाट धरली. बघता बघता तो दिसेनासा झाला.

तेवढ्यात मुन्शी कागदावरची शाई वाळवत भायेर आला.

"पाटील, तुमचा अर्ज खोटा निघाला," तो हसत म्हणाला. "अकरा बायांच्या हातात बांगड्या जास्त झाल्या. पाच घरी दिवे जास्त लागले. सांगताना खुशीनं रडली बिचारी. साहेबांनी रिसाल्याला त्याच गोळ्यांच्या आणखी चाळीस पेट्या मंजूर केल्या."