हलका हात

थर्मामीटर एकशे दोनला थांबला. जयवंत घाडींनी तो झटकला आणि सुनेला म्हणाले, "परत धर."

आकांक्षाने निमूटपणे तो पुन्हा तोंडात धरला. पुन्हा एकशे दोन.

म्हणजे थर्मामीटरात खोट नव्हती. मग खोट माणसात, हे जयवंतांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

संशय घेणं हे त्यांचं कामच होतं म्हणा ना. गिरणी बंद पडेपर्यंत ते फाटकावर झडती घेत. आपल्या हाताखालून सुताची कांडीसुद्धा बाहेर गेली नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि कामगार काही वेगळंच सांगत. गिरणी गेली, पण खोड काही जाईना. काळाचौकीच्या त्या चाळीत कोणाकडेही पाहुणा आला, की पहिली चौकशी घाडीकाकांची.

दुसऱ्या लाटेतला मे महिना होता. सरकारी केंद्रांवर पहाटेपासून रांगा, आणि दुपारी 'लस संपली'चा बोर्ड. अशात जयवंतांना औषधाच्या दुकानात हितेंद्र भेटला. तिशीचा, गोड बोलणारा. आमची संस्था चाळीतच शिबिर घेते, म्हणाला. जयवंतांनी त्याचीही झडती घेतली. ओळखपत्र उलटंपालटं केलं, संस्थेला फोन लावला, बर्फाच्या पेटीचं झाकण उघडून आत पाहिलं. सगळं बरोबर निघालं.

"मी पारखलाय त्याला," त्यांनी चाळीत सांगितलं. त्या शब्दावर रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये बासष्ट जण रांगेला लागले. पहिला दंड जयवंतांनी पुढे केला. हितेंद्र सगळ्यांना डाव्या हातावर सटासट टोचत गेला. कोणी हाय की हूय केलं नाही. वर म्हणाला, "बसून राहायची गरज नाही काका, म्हातारी माणसं कशाला ताटकळवायची? सर्टिफिकेट मोबाईलवर येईल." जयवंतांना मुलगा फारच आवडला.

आणि आज मंगळवारी घरात हा ताप.

मंडळाचा सेक्रेटरी दौलत नाकावर मास्क चढवून दारात आला. "काका, सगळ्या खोल्या फिरून आलो. एकालाही काही नाय. माझी आई तर बोलते, डास चावला तरी याच्याहून जास्त कळतं. तुमच्या माणसाचा हात भारी हलका."

"पारखून आणलाय," जयवंत म्हणाले आणि सुनेच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

बाकी कोणाला काही नाही, हिलाच ताप. म्हणजे ताप लसीचा नाही. मग कसला? कोरोनाच असणार. पालिकेची माणसं येतील, मजल्याला फळ्या ठोकतील, आणि बारसं बुडेल.

त्यांचा सगळा जीव त्या बारशात होता. अँटॉप हिलला लेकीला, प्राचीला, मुलगा झाला त्याला तीन महिने होत आले होते, आणि आजोबांनी नातू फक्त मोबाईलवर पाहिला होता. "बाबा, लस घ्या, पंधरा दिवस जाऊ द्या, मग खुशाल मांडीवर घ्या," प्राचीने बजावलं होतं. बारसंही तिने त्याच हिशेबाने पुढे ढकललं होतं. चांदीचे वाळे कधीपासून कपाटात तयार होते.

त्यांनी आकांक्षाची तपासणी करवली. बुधवारी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. तापही उतरला.

दुसऱ्या कोणी देवाला साखर ठेवली असती. जयवंतांचा संशय बळावला. तिचा नवरा दीपक बोटीवर, सात महिने घरी नाही. सोमवारी ही ऑफिसातून उशिरा आली होती. आणि कालपासून सारखी उजवा दंड चोळत होती. उजवा!

संध्याकाळी ते तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले.

"रविवारी सगळ्यांना डाव्या हाताला टोचली. मी तिथे उभा होतो. तुझा उजवा कसा दुखतो?"

आकांक्षाने दंडावरचा हात काढून घेतला.

"अहो, आजारी पोरीक कित्याक छळतास?" त्यांची बायको रमाबाई आतून म्हणाल्या.

"तू गप. आकांक्षा, खरा काय ता सांग. माका राग येवचो नाय."

"बाबा, मी रविवारी घेतलीच नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्ही चहा आणायला गेलात तेव्हा रांगेतून निघाले. ऑफिसने सोमवारी पालिकेच्या केंद्रावर आमचा नंबर लावला होता. तुम्ही एवढ्या मानाने शिबिर आणलेलं, तुम्हाला नाही कसं म्हणू? मी डावखुरी ना, म्हणून नर्सने उजव्या हाताला दिली."

जयवंतांनी मोठा श्वास सोडला. छातीवरचा दगड उतरला. सून चोरटी निघाली, पण किती भाबडी चोरी. पकडल्याचा आनंदही झालाच.

"एवढंच ना, वेडे! म्हणजे हा लसीचाच ताप."

"हो. नर्स बोललीच होती, ताप येईल, अंग दुखेल. आम्ही अकरा जण गेलो होतो, त्यातले नऊ अंथरुणावर आहेत. उरलेल्या दोघांचा हात वर होत नाही." तिने मोबाईल पुढे केला. "अर्धा तास तिथेच बसवून ठेवलं. घरी पोचायच्या आत सर्टिफिकेटपण आलं."

जयवंतांनी ते वाचलं. मग खिशातून स्वतःचा मोबाईल काढून पाहिला आणि परत ठेवला.

"सुटलो बाई," रमाबाई कपाट उघडत म्हणाल्या. "आता पंधरा दिवसांनी निर्धास्त जावा आणि बाळाक मांडयेर घेवा." त्यांच्या हातात वाळे वाजले.

बाहेर गॅलरीत दौलत कोणाला तरी फोनवर सांगत होता, "आपल्याकडे एकालाही त्रास नाय. साधा हातपण नाय दुखला कोणाचा."

जयवंतांनी सदऱ्याची डावी बाही वर केली. हितेंद्रने टोचलं होतं तिथे अंगठ्याने दाबलं. मग नख रुतेपर्यंत आजूबाजूला सगळीकडे दाबून पाहिलं.

कुठेच दुखत नव्हतं.