ओकरानची जड पिशवी

"सांगून कुणाला पटायचं नाही, सूनबाई, पण एका दमात मी तळाशी जाते, खडकाला चिकटलेले दोन जनबोक शिंपले उपटते, मध्ये ऑक्टोपस कडमडला तर त्याच्या कानाखाली एक ठेवून देते, आणि वर येऊन विचारते, आज जेवायला काय?"

"ऑक्टोपसला कान असतात का गं, मावशी?" शेजारी रबरी पोशाखात पाय कोंबत मालजानं विचारलं.

"माझी बसली की फुटतात."

पाणबुड्या बाया खदाखदा हसल्या. उनबीही हसली. पण तिच्या गळ्यातली दुर्बीण ओकरानच्या नजरेतून सुटली नव्हती. बुसानहून एका दिवसासाठी जेजू बेटावर यायचं, कड्यावरून समुद्र बघायचा, आणि त्यासाठी एवढी मोठी दुर्बीण? सून समुद्र बघायला आली नव्हती. सासूला बघायला आली होती.

पैज मात्र ओकरानचीच. फोनवर मुलाचं 'आई, शहात्तर झाली, आता पुरे' ऐकून ती भडकली होती. "पाठव तुझ्या बायकोला. माझी पिशवी मालजाच्या पिशवीपेक्षा हलकी निघाली, तर त्याच दिवशी तुझ्या चौदाव्या मजल्यावर राहायला येते!"

बोलून गेली, आणि मग तिला मालजाचा संशय यायला लागला.

अठ्ठावन्न वर्षांची मालजा गेले आठ दिवस ओकरानच्या भोपळ्याभोवती घुटमळत होती. पाण्यावर तरंगणारा हा भोपळा आता फोमचा असतो, नाव तेवढं जुनं. त्याच्याखाली जाळीची पिशवी लटकते आणि बाई बुडी मारून मिळेल ते तिच्यात टाकते. बाई पाण्याखाली असताना तिच्या पिशवीला हात लावायचा नाही. लावला तर वर्षभर समुद्र बंद. तीस वर्षं पाणबुड्यांची म्होरकी असलेल्या ओकरानला हा नियम कुणी शिकवायला नको होता.

आणि हीच मालजा! पंधरा वर्षांची पोर पहिल्यांदा पाण्यात उतरली, तेव्हा तिची पिशवी रिकामी दिसू नये म्हणून ओकराननंच तिची पाठ वळली की मूठभर शंख आत सोडले होते. नव्या पोरीसाठी सगळ्याच सोडतात. त्या पोरीनं असे पांग फेडावेत?

"मावशी, आज ओढ वाईट आहे," पाण्यात शिरताना मालजा म्हणाली. "तू आतल्या खडकापाशीच राहा."

म्हणजे खोल पाणी तुला मोकळं, ओकरान मनात म्हणाली. पण गेली आतल्या खडकापाशीच. तिथून स्वतःचा भोपळा नजरेत राहत होता.

ती बुडी मारायची, वर यायची, छातीतला दम शीळ घालत सोडायची. आज तिची शीळ इतरांपेक्षा जरा जास्तच वेळा वाजत होती, पण वाराही उलटा होता. एक जनबोक हाताला लागून निसटला. मग दुसरा. पाणीच गढूळ, त्याला कोण काय करणार?

पाचव्या की सहाव्या बुडीनंतर ती वर आली, तेव्हा मालजाचा हात कोपरापर्यंत तिच्या पिशवीत होता.

"काय गं?"

"दोरी गुंतली होती, मावशी. सोडवली."

"माझी दोरी मी सोडवीन!"

मालजा मान खाली घालून निघून गेली. तासाभरानं पुन्हा तेच. या वेळी ओकराननं आवाज दिला नाही. फक्त वर पाहिलं. काळ्या कड्यावर उनबीचं पिवळं जाकीट दिसत होतं, आणि दुर्बिणीची काच उन्हात लकाकत होती. बरं झालं, ओकरानला वाटलं. साक्षीदार आहे.

दुपारी काळ्या दगडांच्या आडोशाला शेकोटी पेटली. धूर लागू नये अशा मानाच्या जागी ओकरान बसली. पिशव्या काट्याला लावल्या. मालजाची सात किलो भरली. ओकरानची अकरा.

उनबीनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "हरलात तुम्ही. आई इथेच राहणार."

बायांनी टाळ्या पिटल्या. ओकराननं तिथेच गप्प बसावं की नाही? पण जिंकलेल्या म्हातारीच्या जिभेला कोण आवर घालणार?

"अकरा काय घेऊन बसलात?" ती म्हणाली. "चोरी होऊन उरलेत ते अकरा! नाहीतर काटा मोडला असता."

टाळ्या थांबल्या.

"मालजा, दोनदा तुझा हात माझ्या पिशवीत बघितला मी. दोरीबिरीचं मला सांगू नकोस."

"मावशी, तिच्या पिशवीत सातच तर आहेत," कुणीतरी पुटपुटलं.

"चोर माल पिशवीत ठेवेल होय? पोशाखात, दगडाखाली, कुठेही दडवला असेल! बोल मालजा, नेलंस की नाही?"

मालजानं उनबीकडे एकदा पाहिलं, आणि ओकरानपुढे डोकं टेकवलं.

"हो मावशी. नेलं. चुकलं माझं."

"मग वर्षभर पाण्यात पाय टाकायचा नाही."

"नाही टाकणार."

शेजारी बसलेल्या बाईनं निखाऱ्यातलं रताळं घाईघाईनं काढून उनबीच्या हातात कोंबलं. "खा गं पोरी, गरम आहे तोवर खा. बोलू नकोस, तोंड भाजेल."

उनबीनं रताळं खाली ठेवलं.

"खोटं का बोलता, मालजाताई? मी सकाळपासून दुर्बिणीतून बघत होते. आईंच्या पिशवीत जाताना तुमचा हात भरलेला होता, बाहेर येताना रिकामा. आणि एकट्या तुमचाच नाही, इथल्या सगळ्यांचाच."