धारेचे चाक

सन १९४८ च्या श्रावणात येडशीच्या महालिंगप्पांनी आपल्या तेलाच्या इंजिनाला चौथे यंत्र जोडले. पिठाची चक्की, मिरचीचे कांडप आणि कडब्याची कुट्टी त्यावर आधीपासून चालत होती. आता धार लावण्याचे दगडी चाकही फिरू लागले. इंजिनाची ताकद वाया जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

"कापणीला अजून दोन महिने हायेत," त्यांच्या पत्नी गौराबाई हसल्या. "कोण येतंय आत्ताच धारेला?"

पण आठवड्याभरात चाकापुढे रांग लागली. दळण मात्र कुणी आणीना. निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडे जाणाऱ्या बैलगाड्या रोज दारावरून जात; त्यांत धान्याची पोती नसत, बायकामुले असत.

"महारुद्रा, पीक अजून गुडघ्याएवढं न्हाय," महालिंगप्पांनी शेजारच्या शेतकऱ्याला विचारले, "अन् कोयत्याला आत्ताच धार कशाला रं?"

"असू द्या, अप्पा. घरात असलेली बरी." महारुद्राने पात्यावर अंगठा फिरवून पाहिला आणि मान वर न करता तो निघून गेला.

दुपारी महालिंगप्पा समाधानाने जेवायला आले. "बघितलंस? चारी यंत्रांत हेच लई चाललं!"

गौराबाई हसल्या नाहीत. त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि भाजी चिरायची विळी त्यांच्यासमोर ठेवली.



"हिचं पातं पाटावरनं काढा, त्याला मूठ बसवा, अन् मग धार लावून आणा."